गुंत्यातले प्रधान वाक्य

कोल्हापुरात ‘कॉम्प्लेक्स’ म्हटले की आधी इमारत डोळ्यांपुढे येते. खाली दुकाने, वर दवाखाने आणि वकिलांची ऑफिसे, मागे कधीच न पुरणारे पार्किंग. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मनाच्या आतला आहे. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून एखाद्याला चारचौघांत ‘कॉम्प्लेक्स येतो’. हे दोन्ही अर्थ मराठीने पचवले, इतकेच नव्हे तर ‘संकुल’ आणि ‘गंड’ असे दोन नेटके प्रतिशब्दही घडवले. तिसरा अर्थ मात्र अजून पचलेला नाही. तो चर्चासत्रांत, पत्रकार परिषदांत आणि सरकारी बैठकांत भेटतो: ‘हा विषय फार कॉम्प्लेक्स आहे.’ ज्यांना मराठी बोलायचे असते ते ‘प्रश्न गुंतागुंतीचा आहे’ म्हणतात. वाक्य चूक नसते, बहुधा खरेच असते. अडचण अशी की ते बोलण्याच्या शेवटी येते आणि त्यानंतर कुणी काही विचारायचे नसते. जिथून चौकशी सुरू व्हायला हवी तिथेच ती संपते. गुंतागुंत म्हणजे काय हे नीट समजून घेतले तर या शब्दाने जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते आणि तिची वाटणीही करता येते, असे माझे म्हणणे आहे. पंचगंगेच्या महापुराइतके त्याचे चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, ते ५६ फुटांच्या आसपास पोहोचले. २००५चा पूर लोकांनी जन्मात एकदा बघायचा पूर म्हणून मनात नोंदवून ठेवला होता. तो चौदा वर्षांत मागे पडला आणि त्याला मागे टाकणारा पूर पुढच्या दोन वर्षांत मागे पडला. दोन्ही वेळा पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. २०१९मध्ये नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहराला प्यायला टँकरची वाट पाहावी लागली. हे कसे घडले याची दोन उत्तरे तेव्हापासून गावात फिरत आहेत. पारावरचे उत्तर एका शब्दाचे आहे: अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचे कर्नाटकातले धरण. कार्यालयातले उत्तरही एकाच शब्दाचे आहे: कॉम्प्लेक्स. पहिले भाबडे आणि दुसरे शहाणे समजले जाते. दोन्ही उत्तरांचा परिणाम मात्र एकच होतो, कोल्हापुरातल्या कुणाकडेही बोट जात नाही.

इंग्रजीत दोन शब्द शेजारी राहतात आणि आपण ते एकाच मापाने वापरतो. एक कॉम्प्लिकेटेड, दुसरा कॉम्प्लेक्स. लॅटिनमध्ये पहिल्याच्या मुळाशी घडी घालणे आहे, दुसऱ्याच्या मुळाशी गुंफणे. मराठीला हा भेद नवा नाही. हिशेब ‘किचकट’ असतो, नातेसंबंध ‘गुंतागुंतीचे’ असतात. किचकट नातेसंबंध असे कुणी म्हणत नाही. किचकट गोष्टीत भाग पुष्कळ असतात, पण प्रत्येक भाग आपापले काम करतो. भाग समजले की एकूण गोष्ट समजते. गुंतागुंतीच्या गोष्टीत भाग एकमेकांचे वागणे बदलतात, त्यामुळे सुटा भाग पूर्ण समजला तरी एकूण चित्र हाती लागत नाही.

राधानगरीचे धरण या भेदाचा उत्तम धडा आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर १९०७–०८च्या सुमारास हे काम सुरू केले आणि स्वातंत्र्यानंतर ते पूर्ण झाले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी पडते, म्हणजे सातही उघडले तर सुमारे दहा हजार क्युसेक. रचना अवघड आहे, घडवणाऱ्यांची बुद्धी थक्क करणारी आहे, पण ती किचकट या सदरातली. प्रत्येक दरवाजा कधी उघडेल हे आधी सांगता येते. आता तोच दरवाजा नदीच्या संदर्भात पाहा. त्याला फक्त आपल्या तलावाची पातळी कळते. खाली कासारी आणि कुंभी दुथडी भरून वाहत आहेत का, नृसिंहवाडीला कृष्णा चढली आहे का, कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला पाणी आले आहे का, हे त्याला ठाऊक नसते. तो बिनचूक चालतो आणि नेमक्या नको त्या घटकेला उघडू शकतो. कुठलाही भाग न बिघडता सगळे मिळून बिघडते, याला गुंतागुंत म्हणायचे.

नदीचा पुढचा प्रवास याच जातीचा आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती प्रयाग चिखलीच्या परिसरात एकत्र येऊन पंचगंगा होते. गगनबावडा आणि राधानगरीकडच्या घाटमाथ्याचा पाऊस तीव्र उतारावरून धावत येतो आणि कोल्हापूर ओलांडताच नदी जवळजवळ सपाट जमिनीवर नागमोडी वळणे घेत रेंगाळते. वरून पाणी तासांत येते, खाली जायला दिवस लागतात. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते, पण कृष्णा तेव्हा कोयना आणि वारणा यांचे पाणी घेऊन आलेली असते. ती चढलेली असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे सरकतो. नदी फुगली की शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा जयंती नाला उलटा भरू लागतो आणि ज्यांनी नदी कधी खिडकीतून पाहिली नाही त्यांच्या तळमजल्यात ती येते. पूरपट्ट्यातून आडवा गेलेला रस्त्याचा भराव पाण्याला अडवतो. भरावाच्या वरच्या अंगाला पाणी साचले की तिथे आणखी भर टाकून घरे उंच केली जातात आणि पाण्याची जागा आणखी आक्रसते. धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस तर कुठल्याच दरवाजाला विचारून पडत नाही. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला जोर देते किंवा वेळ चुकवते. तेव्हा महापूर गुंतागुंतीचा आहे, यात वाद नाही. वाद आहे तो ‘म्हणून काय?’ या पुढच्या प्रश्नाचा.

या प्रश्नावर विज्ञानाने विचार करून बराच काळ झाला. अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४८ साली एका प्रसिद्ध निबंधात विज्ञानापुढच्या प्रश्नांचे तीन गट पाडले होते. दोन-चार घटकांचे साधे प्रश्न. कोट्यवधी घटकांचे, पण सरासरीने सुटणारे विस्कळीत गुंत्याचे प्रश्न. आणि या दोहोंच्या मधले, मोजक्या घटकांचे पण परस्परांत विणलेले, संघटित गुंत्याचे प्रश्न. तिसऱ्या गटापुढे हात टेका असे त्यांचे म्हणणे नव्हते, पुढच्या पन्नास वर्षांत विज्ञानाने हेच शिकायचे आहे असे त्यांनी बजावले होते. १९६२मध्ये हर्बर्ट सायमन यांनी त्यात मोलाची भर घातली. गुंतागुंतीच्या रचना बहुतेक वेळा थरांच्या असतात. थराच्या आतले संबंध घट्ट आणि थराथरांमधले सैल असतात, आणि म्हणून त्या पूर्णपणे नाही तरी बऱ्याच अंशी सुट्या करून तपासता येतात. ‘सगळेच सगळ्याशी जोडलेले आहे’ या वाक्याला इतके चोख उत्तर क्वचितच मिळाले असेल. जोडलेले आहे हे खरे, सारखेच जोडलेले आहे हे खोटे.

सायमन यांना वाचायची गरज नाही म्हणणाऱ्याने शाळेतले मराठी व्याकरण उघडावे. इंग्रजी व्याकरणातल्या कॉम्प्लेक्स वाक्याला आपण ‘मिश्र वाक्य’ म्हणतो. त्यात एक प्रधान वाक्य असते आणि एक किंवा अधिक गौण वाक्ये त्याच्यावर अवलंबून असतात. गौण वाक्ये कितीही लांबली तरी प्रधान कोणते हे ओळखता येते. परीक्षेत त्याच ओळखीला गुण असतात. गुंतागुंत ही अशी मिश्र वाक्यासारखी असते. तिच्यात वाक्ये पुष्कळ असतात, तरी कर्ते हरवलेले नसतात. आपल्या सार्वजनिक बोलण्यात मात्र ‘कॉम्प्लेक्स’ म्हटले की सर्व कर्ते एकदम गायब होतात आणि कर्मणी प्रयोग उरतो: परवानग्या दिल्या गेल्या, भराव टाकला गेला, नाला अरुंद केला गेला.

पुराचे प्रधान वाक्य कोणते, याचा शोध घेतला गेला नाही असेही नाही. २०१९च्या पुरानंतर राज्य सरकारने जलसंपदा विभागाचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२०मध्ये तिचा अहवाल आला. थोड्या दिवसांत पडलेला असाधारण पाऊस हे तिने मुख्य कारण मानले. नदीपात्रातली आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणे, बांधकामे आणि अडथळे हे पूर वाढवणारे कारण ठरवले. अलमट्टी धरण आणि हिप्परगी बंधारा यांच्यामुळे हा पूर आला नाही असाही निष्कर्ष काढला. तो अनेकांना पटला नाही. पटावा असा माझा आग्रह नाही. पण हे मिश्र वाक्य आहे आणि नीट लिहिलेले आहे, हे मान्य करायला हवे. आकाशातल्या पावसाला कुणी जबाबदार नाही. अतिक्रमणाला आहे.

अलमट्टीचे प्रकरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण तिथे साधेपणा आणि गुंतागुंत या दोहोंचा गैरवापर होतो. धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला कर्नाटकाला मुभा दिली आणि महाराष्ट्र त्याला विरोध करतो. राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५४३ मीटरवर आहे, म्हणजे आजच्या अलमट्टीच्या भरलेल्या तलावापेक्षा वीस मीटरहून अधिक उंच. ही वजाबाकी समजली तर अलमट्टीचे पाणी सरकत सरकत कोल्हापूरच्या शाहूपुरीत आले, असे म्हणणे अवघड होते. पण कर्नाटकाची बाजू घेणाऱ्यांनी याच वजाबाकीवर सगळा खटला जिंकल्याचा आनंद मानू नये. शिरोळ तालुका कोल्हापूर शहरापेक्षा सखल आहे. वाढीव उंचीनंतर, गाळ साचल्यानंतर, वाटेत बांधलेल्या बंधाऱ्यांसह कृष्णेचा वेग किती मंदावेल आणि कुरुंदवाड–नृसिंहवाडीचा पूर ओसरायला किती दिवस जास्त लागतील, हा वेगळा प्रश्न आहे. ‘अलमट्टीने २०१९चा पूर आणला का?’ आणि ‘उंच झालेली अलमट्टी उद्याचा पूर लांबवेल का?’ या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असू शकतात. राज्याची समिती एक म्हणते आणि राज्य सरकार उंचीवाढीला विरोध करताना दुसरे म्हणते, म्हणून ढोंग झाले असे लगेच ठरत नाही. फक्त कोणता प्रश्न चालू आहे, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. तेवढे कष्ट आंदोलनाच्या व्यासपीठावर कुणी घेत नाही आणि त्यामागच्या बैठकीत तर नाहीच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ‘कॉम्प्लेक्स’ या शब्दाने निदान एकाच कारणाचे खूळ तरी आवरते. शेजारच्या राज्याला शिव्या देण्यापेक्षा प्रश्नाला अनेक बाजू आहेत हे सांगणे सभ्यपणाचे नाही का? आहे. सोपे खोटे आणि अवघड खरे यांत निवड करायची तर दुसऱ्याचीच करावी. पण अवघड खरे पूर्ण सांगावे लागते. बाजू अनेक आहेत म्हटल्यावर त्या कोणत्या, कुठली किती वजनाची आणि कुठली आपल्या हातातली, हे लगेच यायला हवे. ते न सांगता नुसते ‘अनेक’ म्हणणे ही पारावरच्या एका कारणाइतकीच आळशी गोष्ट आहे, फक्त तिच्या अंगावर शिक्षणाचा शर्ट आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अभियंते सांगतील, आणि बरोबर सांगतील, की गुंतागुंतीच्या व्यवस्थेत घाईचा उपाय अंगावर उलटतो. एका काठाला संरक्षक भिंत बांधली तर पाणी समोरच्या गावात जाते. नदीचे वळण कापून पात्र सरळ केले तर वरचे गाव सुटते आणि खालचे बुडते. धरण जुलैतच रिते ठेवावे म्हटले आणि ऑगस्ट कोरडा गेला तर उसाला पाणी कुठून द्यायचे? राधानगरीसारख्या ठिकाणी पुरासाठी जागा राखायची तर ती दरवाजे उघडण्याआधी, जलाशय परिचालन सूची ठरवतानाच राखावी लागते आणि चुकण्याचा धोका पत्करावा लागतो. तेव्हा थांबा, अभ्यास होऊ द्या. हा युक्तिवाद मला निम्मा मान्य आहे. ज्या निम्म्याशी भांडण आहे ते असे: थांबणे ही निष्क्रियता असते, असे त्यात गृहीत धरले आहे. पूरपट्ट्यात थांबणे म्हणजे रोजचा हस्तक्षेप असतो. निळ्या पूररेषेच्या आत दिलेली प्रत्येक बांधकाम परवानगी, नाल्याच्या काठाला रिकामा झालेला मुरमाचा प्रत्येक डंपर, रस्ता उंच करताना न ठेवलेली प्रत्येक मोरी हा पुराच्या व्यवस्थेत केलेला बदल आहे आणि त्याचे परिणाम कुणीही तपासत नाही. नदी रुंद करायला वीस वर्षांचा अभ्यास हवा आणि नदी अरुंद करायला एक शिक्का पुरतो, ही सावधगिरी कसली?

या पूररेषा नीट समजून घेतल्या तर गुंतागुंतीच्या आत किती साधी कामे दडलेली असतात ते दिसते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित. पुराचा अंदाज हा संभाव्यतेचा आणि अवघड गणिताचा विषय असला तरी रेषा एकदा आखल्यावर एखादा भूखंड तिच्या आत आहे की बाहेर, याचे उत्तर होय किंवा नाही असेच असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचेही तसेच. या जिल्ह्याने देशाला दिलेली ही साधी, स्वस्त रचना आहे. पावसाळ्याआधी पाणी अडवणारे बरगे काढायचे, पाऊस ओसरल्यावर घालायचे. पुराचे प्रतिमान कितीही गुंतागुंतीचे असो, बरगे वेळेवर निघाले की नाही हे पाहायला दोन डोळे पुरतात. रेषा आखताना वाद होतील, लोकांचे आयुष्यभराचे भूखंड अडकतील, भरपाईचा प्रश्न येईल, न्यायालयात दावे जातील. हे सारे कठीण आहे आणि तिथे सबुरी हवीच. ज्या कामाला वादच नाही त्याला मात्र कठीण कामाच्या आडोशाला उभे करता येणार नाही.

हद्दवाढीचे उदाहरणही इथलेच. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२मध्ये झाली आणि तेव्हाची ६६.८२ चौरस किलोमीटरची हद्द दशकानुदशके तशीच राहिली. शेजारच्या गावांना शहरात यायचे नाही, कर वाढतील आणि शेतजमिनीवर आरक्षणे पडतील ही त्यांची भीती निराधार नाही. शहराला मात्र वाढायचे असते. आडवे वाढता येत नसेल तर ते आतल्या मोकळ्या जागा शोधते आणि शहरातल्या मोकळ्या जागा बहुतेक वेळा नदीकडे तोंड करून असतात. हद्दवाढीचा वाद आणि पुराचा प्रश्न हे दोन वेगळ्या फायलींत असले तरी जमिनीवर एकत्र आहेत, असे माझे मत आहे. दोन फायली एका टेबलावर आणणे, ही गुंतागुंत या शब्दाची खरी मागणी आहे.

तिसरा आक्षेप भाषेचा: शब्द लोक वापरतील तसे वळतात, तुम्ही कोण त्यांना शिस्त लावणारे? दुकानांच्या इमारतीला कॉम्प्लेक्स म्हणणाऱ्याशी माझे काहीच भांडण नाही. वैतागलेल्या माणसाने घरच्या वाटणीला ‘लई कॉम्प्लेक्स हाय बघा’ म्हटले तर तेही बरोबर आहे. त्याच्या बोलण्याने कुणाचा निवाडा होत नसतो. अधिकाराच्या खुर्चीवरून उच्चारलेला शब्द वेगळा असतो. तिथे तो वर्णन न राहता आदेश बनतो: फाइल बाजूला ठेवा. विशेष म्हणजे ज्या शास्त्रांनी हा शब्द घडवला त्यांत तो कधीच सैल नव्हता. गणितातली संमिश्र संख्या, म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर, साध्या संख्येइतकीच काटेकोर असते, फक्त तिला एकाऐवजी दोन आकडे लिहावे लागतात. गुंतागुंत म्हणजे जास्त लिहावे लागणे, एवढाच तिचा निरोप.

आणि जिथे हा शब्द मनापासून वापरायला हवा अशी जागाही कोल्हापूरजवळच आहे. चिखली आणि आंबेवाडी ही गावे १९८९च्या महापुरानंतर सोनतळीला हलवायची ठरली, तिथे भूखंड दिले गेले. तरी २०१९ आणि २०२१मध्ये माणसे जुन्या गावांतूनच बाहेर काढावी लागली. कारण शेत नदीकाठी आहे. दोन्ही वेळची धार काढायला गोठा शेताजवळ लागतो आणि गोठ्यापाशी घर लागते. मिळालेला भूखंड एका कुटुंबाचा होता, त्या कुटुंबाची पुढे चार झाली. जुने घर सोडले तर त्या जागेवरचा हक्क जाईल का, याचे खात्रीचे उत्तर मिळत नाही. जमीन, जनावरे, वाटण्या, नदी आणि कागद इथे इतके विणलेले आहेत की एक धागा ओढला तर चार ताणले जातात. गुंतागुंत याहून वेगळी नसते. पण पाणी चढू लागले आणि माणसे पोत्यांनिशी, म्हशींनिशी उंबऱ्यात थांबून राहिली की चिखलीसाठी तो शब्द कुणाला आठवत नाही. तिथे एक केवल वाक्य पुरते: लोक ऐकत नाहीत.